दोन देश, एक कपाट

लोकरीचा गुंडा मापारी सरांच्या हातात होता आणि तो माझ्याकडे यायचा होता. येत नव्हता.

तालुक्याच्या सभागृहात आम्ही सगळे मास्तर आणि बाया गोल करून उभे होतो. प्रशिक्षणाचा विषय होता जागतिक नागरिकत्व. ते वर्गात कसं आणायचं, हे शिकवायला पुण्याहून शाल्मली मॅडम आल्या होत्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, उत्साहानं तिच्या दुप्पट. मला मॅडम म्हणू नका, नुसतं शाल्मली म्हणा, असं त्यांनी आल्या आल्या बजावलं होतं, आणि सगळ्या सभागृहानं एका सुरात "बरं, शाल्मली मॅडम" म्हटलं होतं.

खेळ सोपा होता. ज्याच्या हातात गुंडा, त्यानं धागा धरून ठेवायचा, समोरच्याचं नाव घ्यायचं, त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची आणि गुंडा त्याच्याकडे टाकायचा. असं करता करता जग कसं एका जाळ्यात बांधलेलं आहे ते आपोआप दिसतं, असा त्यातला भावार्थ. जाळं होत आलं होतं. ज्याच्याकडे गुंडा गेलेला नाही असं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे मी.

मापारी सर माझे मुख्याध्यापक. आमची शाळा दोन शिक्षकांची, तेव्हा त्या सभागृहात मला सगळ्यांत जास्त ओळखणारा माणूस तोच. सरांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा हातातल्या लाल लोकरीकडे पाहिलं, मग शाल्मली मॅडमकडे वळून मोठ्या अदबीनं म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा, लोकर येते आहे."

मी म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा, येऊ द्या."

लोकर आली. चांगली गोष्ट काही आली नाही. गोलात कुणीतरी खोकलं, त्याचं ऐकून दुसरं कुणी खोकलं, आणि बघता बघता खोकल्याची साथच पसरली. शाल्मली मॅडमना वाटलं, संकोच असेल. हळूहळू मोकळे व्हाल, असं त्या हसून म्हणाल्या. बाकी सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं की चिंचटाकळीचे मापारी सर आणि ठेंग बाई गेल्या दिवाळीपासून एकमेकांशी चकार शब्द बोललेले नाहीत.

भांडण कशावरून झालं ते सांगते.

आमच्या शाळेला खोल्या दोन. त्यातली एक गळायला लागली तेव्हा चारही वर्ग उरलेल्या खोलीत आले. मधे आम्ही लोखंडी कपाट उभं केलं. अलीकडे माझी पहिली-दुसरी, पलीकडे सरांची तिसरी-चौथी. कपाटानं नजर अडायची, आवाज अडायचा नाही. सरांचा पाढ्यांवर भारी जीव. ज्याला एकोणीसचा पाढा येतो तो आयुष्यात कुठे अडत नाही, असं त्यांचं मत. माझी पोरं लहान, त्यामुळे माझा सगळा कारभार गाण्यांचा. सरांकडे पाढे सुरू झाले की माझ्या गाण्यातली चिमणी घरटं बांधता बांधता मधेच "सात चोक अठ्ठावीस" म्हणायची. मी ते चालवून घेत होते. पण आवाज जसा तिकडून इकडे येतो तसा इकडून तिकडेही जातो.

दिवाळीच्या आधी तपासणीला एक साहेब आले. सरांनी छाती पुढे काढून चौथीला एकोणीसचा पाढा म्हणायला उभं केलं, आणि पोरांनी तो अथपासून इतिपर्यंत माझ्या चिमणीच्या चालीत म्हटला. टाळ्या वाजवून. एकोणीस नव्वे एकशे एकाहत्तरला तर सगळ्यांनी हात पसरून गिरकी घेतली. चूक एकही नाही. साहेब पोट धरधरून हसले. बाई, कमाल केलीत, पाढ्याला चाल लावलीत, असं मला म्हणाले. आणि जाता जाता सरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गुरुजी, तुमचा वर्ग बाईंकडेच पाठवत जा."

साहेबांची गाडी वळणाआड गेली तसे सर म्हणाले की तुम्ही माझा वर्ग बिघडवला. मी म्हणाले, पाढा बरोबर होता की चूक, तेवढं सांगा. ते म्हणाले, प्रश्न पाढ्याचा नाही. मी म्हणाले, मग कशाचा आहे ते तरी कळू द्या. त्यावर सर गप्प बसले, आणि ते जे गप्प बसले ते बसलेच. मीही कुणाची मनधरणी करणाऱ्यातली नव्हते.

शाळा मात्र चालवायची होती. त्यासाठी तिसरीतला गजू होता. तो कपाटाच्या अगदी कडेला बसायचा, म्हणून टपाल त्याच्याकडे. सर पलीकडून म्हणायचे, गजू, बाईंना सांग, हजेरी पाठवा. मी ते स्वच्छ ऐकलेलं असायचं, तरी गजू उठून कपाटाला वळसा घालून मला सांगेपर्यंत मी थांबायची. मग मी म्हणायची, गजू, सरांना सांग, टेबलावरच आहे. की गजू परत वळसा घालायचा.

हे झालं कामाचं. मनातलं बोलायला फाटकाजवळचा सुविचाराचा फळा होता. एक दिवस सरांचा, एक दिवस माझा. सरांनी लिहिलं, "उथळ पाण्याला खळखळाट फार." मी दुसऱ्या दिवशी लिहिलं, "नाचता येईना, अंगण वाकडे." म्हणी संपल्यावर आम्ही स्वतः रचायला लागलो. "ज्याच्या गळ्यात सूर नाही त्याने निदान कान उघडे ठेवावेत," हा माझा. "चिमण्या बोलू लागल्या की शहाण्याने मौन धरावे," हा सरांचा, आणि तो चांगला होता हे मला मनातल्या मनात मान्य करावं लागलं. गावाला करमणूक झाली. शाळा समितीचे अध्यक्ष तेजराव आबा रोज सकाळी वाट वाकडी करून फाटकाशी यायचे आणि तिथे उभ्या माणसाला विचारायचे, "आज कोणाचा वार हाय?"

असं होता होता दोघांनीही बदलीचे अर्ज दिले. आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख, डोईफोडे साहेब, भला माणूस. त्यांनी आम्हाला वेगवेगळं बोलावून समजावलं. पट वीसच्या आत आहे, तुम्ही दोघं गेलात तर इकडे नवीन कुणी यायचं नाही, मग शाळा बंद होऊन पोरं नाल्यापलीकडच्या शाळेत जातील, आणि तो नाला पावसाळ्यात काय करतो ते तुम्ही पाहिलेलं आहे. मी म्हणाले, साहेब, हे सरांना सांगा. साहेब म्हणाले, त्यांना आधी सांगितलं, ते म्हणाले बाईंना सांगा. एवढं बोलून साहेबांनी कपाळावर हात मारला. आडनाव त्यांना शोभून दिसायचं.

तर असे आम्ही दोघं जागतिक नागरिकत्व शिकायला आलो होतो.

दुसऱ्या दिवशी शाल्मली मॅडमनी नदीचा खेळ घेतला. एक नदी दोन देशांतून वाहते. वरचा देश पाणी सोडतो, खालच्या देशाची तक्रार आहे. आधी एकानं बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं, आणि मग ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. जोड्या शाळेवार, कारण पुढे वर्गात दोघांना मिळूनच शिकवायचं आहे. मधे तिसरा माणूस चालणार नाही. आमच्या वाट्याला मधोमध समोरासमोर ठेवलेल्या दोन खुर्च्या आल्या. मी वरचा देश. आजूबाजूच्या जोड्यांनी आपापल्या नद्या सोडून दिल्या आणि खुर्च्या आमच्याकडे वळवल्या.

सर माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत बसले होते. मग त्यांना वाट सापडली. देशानं देशाशी बोललं तर ते बोलणं धरत नाही, असं बहुधा त्यांनी मनाशी ठरवलं असावं.

"खालच्या देशाचं म्हणणं असं," सर भिंतीला म्हणाले, "की पाणी आलं ह्याला आमची हरकत नाही. पण इथे आमची शेती होती. ती आम्ही वर्षानुवर्षं घाम गाळून केली होती. तुमचं पाणी एक दिवस आत शिरलं, सगळं हिरवंगार दिसायला लागलं, आणि येणारा-जाणारा म्हणाला, वा, काय पाणी आहे. शेतीचं नाव कुणी घेतलं नाही."

आता मला ते परत सांगायचं होतं. खालचा देश म्हणतो की शेती त्यांनी केली, इथपर्यंत मी आले, आणि पुढचं वाक्य काही केल्या लवकर निघेना. अकरा महिने मी त्याला हेवा म्हणत होते. शेवटी म्हणाले, "आणि कौतुक पाण्याचं झालं."

शाल्मली मॅडमनी डोळे मिटून मान डोलवली. आता वरच्या देशानं बोलायचं, असं त्या हळूच म्हणाल्या.

मी म्हणाले, "वरच्या देशाचं म्हणणं असं, की पाणी आम्ही सोडलं नव्हतं. ते आपोआप वाहतं. आणि खालच्या देशात दिवसभर जी गिरणी धडधडत असते, तिच्यामुळे आमच्या चिमण्यांना घरटं बांधता येत नाही. त्यांनी कधी तक्रार केली नाही, तर ते कुणाच्या लक्षातही आलं नाही."

सरांनी हे शब्दाला शब्द परत सांगितलं. "धडधडत असते" जरा जोरात म्हटलं, एवढंच. सभागृहात पुन्हा खोकल्याची साथ आली होती. एक गुरुजी तर तोंडात रुमाल कोंबून व्हरांड्यात गेले. शाल्मली मॅडमचे डोळे मात्र भरून आले होते. इतकं भूमिकेत शिरलेली जोडी मी आजवर पाहिली नाही, असं त्या म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे जाहीर करून मोकळ्या झाल्या की नमुना पाठ चिंचटाकळीच्या शाळेत होईल, पाहुणे तिथेच येतील. डोईफोडे साहेब अर्धवट उठून दुसरी एखादी शाळा सुचवू बघत होते. तोवर टाळ्या सुरू झाल्या.

खेळ संपला आणि आम्ही परत आपापल्या बाजूला गेलो. नमुना पाठाची तयारी फळ्यावर झाली. सरांनी लिहिलं, "तिसरी-चौथीने दोन देशांचे नाटुकले स्वतः बसवावे." मी लिहिलं, "पहिली-दुसरीने योग्य ठिकाणी टाळ्या वाजवाव्यात." मुलांना आपलं आपण करू द्या, मोठ्यांनी मधे पडू नका, असं शाल्मली मॅडमनी बजावून सांगितलं होतं. आम्ही ते तंतोतंत पाळलं. मधे पडायचं म्हटलं तर एकमेकांशी बोलावं लागलं असतं. त्यामुळे पोरं मधल्या सुटीत गळक्या खोलीत काय बसवतायत, ह्याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

पाठाच्या दिवशी शाळा सारवल्यासारखी स्वच्छ होती. शाल्मली मॅडम आल्या, त्यांच्या संस्थेचे दोन जण कॅमेरा घेऊन आले, डोईफोडे साहेब आणि शेजारच्या शाळांचे शिक्षक आले. गाव खिडक्यांना लोंबकळत होतं. कपाटाच्या दोन बाजूंना दोन देश, असं पल्लवीनं उभं राहून सांगितलं. पल्लवी चौथीतली. तिनं ओढणीचा पदर केला होता, खांद्यावर पर्स होती, आणि तिचं चालणं मला ओळखीचं वाटलं. पलीकडून विश्वंभर आला. त्याला कोळशाच्या मिशा होत्या. त्यानं बोलण्याआधी टेबलावर खडू तीनदा आपटला. मी चोरून सरांकडे पाहिलं. सर भिंतीशी उभे होते, आणि त्यांच्या हातातला खडू हवेतच थांबला होता.

मधे गजू उभा होता.

"वरच्या देशाला सांग," विश्वंभर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "खिचडी शिजली."

गजू कपाटाला वळसा घालून गेला.

"खालच्या देशाला सांग, आम्हाला वास आला."

गजू परत आला. मग खिडकी लावण्यावरून झालं, घंटा देण्यावरून झालं, झाडू कुठे ठेवला ह्यावरून झालं. मधेच विश्वंभरनं पाटीवर काहीतरी लिहून प्रेक्षकांकडे धरलं. "वरच्या देशाने जपून राहावे." पल्लवीनं तिची पाटी धरली. "कोण म्हणतो?" खिडक्यांतून हसण्याचा कल्लोळ उठला. पहिली-दुसरी योग्य ठिकाणी टाळ्या वाजवत होती. शाल्मली मॅडम कौतुकानं सगळं टिपून घेत होत्या. मुलांनी परराष्ट्र धोरण किती बारकाईनं समजून घेतलंय, असं त्या कॅमेऱ्यावाल्याला म्हणाल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. सरांची अवस्था वेगळी नसावी, त्यांचे कान लाल झाले होते.

आणि गजू खाली बसला.

दोन देशांच्या बरोबर मधे, कपाटाला टेकून. पल्लवी दबक्या आवाजात म्हणाली, अरे, अजून दोनदा जायचंय तुला. गजूनं मान हलवली.

"मी नाही जात आता. माझे पाय दुखतात. रोज मीच जातो."

नाटुकल्यात हे नव्हतं. पल्लवीचा पदर खांद्यावरून सरकला, विश्वंभरला पुढचं काही सुचेना. खिडकीतलं हसू एकदम थांबलं. शाल्मली मॅडमना ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या उठून पुढे आल्या आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाल्या, "छान. मग मुलांनो, आता ह्या दोन देशांनी काय करायला हवं?"

सगळी मुलं वळून आमच्याकडे बघायला लागली. अलीकडची माझ्याकडे, पलीकडची सरांकडे, आणि गजू मधे बसून कधी इकडे, कधी तिकडे.

सरांनी खडू खिशात घातला. ते भिंत सोडून निघाले, कपाटाला वळसा घातला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला.

"बाई," सर म्हणाले, "पाहुण्यांना चहा सांगितला का?"

"सांगितला," मी म्हणाले. "तुमचा बिनसाखरेचा वेगळा सांगितलाय."

सरांना साखर निघाल्याचं त्यांनी मला सांगितलं नव्हतं. कपाटापलीकडून ऐकू आलं होतं.

मग खिडकीतून तेजराव आबांचा आवाज आला. मागच्यांना दिसत नव्हतं, त्यांच्यासाठी ते सांगत होते, "बोलले, बाप्पा. बोलले." डोईफोडे साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले. शाल्मली मॅडमनी गोंधळून त्यांना हळूच विचारलं, काय झालं. साहेब म्हणाले, "काही नाही मॅडम. चहाचं झालं." पुढे शाल्मली मॅडमच्या अहवालात एक वाक्य आलं म्हणतात, की चहाचा उल्लेख होताच ग्रामस्थ भावुक झाले.

पाहुणे चहा पीत होते तेव्हा सर कप घेऊन माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

"तो पाढा बरोबर होता," ते म्हणाले.

"होता."

"म्हणूनच जास्त लागलं."

मी म्हणाले, "तुम्ही शिकवला होता, म्हणून बरोबर होता. हे मी त्या दिवशीच तुम्हाला सांगणार होते. तुम्ही लगेच माझ्यावर घसरलात."

सरांनी चहाचा घोट घेतला. बिनसाखरेचा चहा किती वाईट लागतो ह्यावर ते चार वाक्यं बोलले. ती चारही वाक्यं माझ्याशी बोलले.

अर्ज दोघांनीही मागे घेतले. सर निवृत्त होईपर्यंत आम्ही चिंचटाकळीतच होतो, आणि शाळा अजून आहे. मात्र कुणाला वाटत असेल की त्यानंतर आमचं गुळपीठ जमलं, तर तसं काही झालं नाही. दुसऱ्याच दिवशी खिडकी उघडी ठेवायची की बंद, ह्यावरून जुंपली. मग खिचडीतल्या मिठावरून, मग स्नेहसंमेलनातल्या नाचावरून. वर्षभराचं साचलेलं होतं, ते रोज थोडं थोडं निघायचं. फळ्यावर साधे सुविचार यायला लागले, तसं तेजराव आबांनी वाट वाकडी करणं सोडलं. ते आता थेट वर्गाच्या खिडकीशी येऊन बसायचे.

त्यातच एका दुपारी शाल्मली मॅडमचा फोन आला. शेजारच्या जिल्ह्यात प्रशिक्षण आहे, संवादातून वाद कसे मिटतात ह्यावर तुम्ही दोघांनी येऊन बोलाल का, असं त्या विचारत होत्या. सरांनाही ऐकू जावं म्हणून मी फोनचा आवाज मोठा केला. मी म्हणाले, गुरुवारी येऊ. सर म्हणाले, गुरुवारी कसं जमेल, चाचणी आहे. मी म्हणाले, चाचणी मी शुक्रवारी ठेवा म्हणाले होते. सर म्हणाले, तुम्ही म्हणाला नव्हता, तुम्ही नुसती मान हलवली होती. मी म्हणाले, मान हलवणं तुम्हाला कळत नाही हा माझा दोष आहे का. सर म्हणाले, विषय मानेचा नाही. मी म्हणाले, मग कशाचा आहे. सरांनी तो कशाचा आहे ते सविस्तर सांगायला घेतलं, मी मधेच तोडलं, त्यांनी माझं तोडणं तोडलं, आणि दोघांचेही आवाज चढत गेले. फोन टेबलावर तसाच पडला होता. बऱ्याच वेळानं त्यातून बारीक, घाबरलेला आवाज आला.

"हॅलो? सर? बाई? काही अडचण आहे का? मी नंतर करू का फोन?"

सर वाकले. चष्मा सारखा केला, आवाज खाली आणला आणि फोनमध्ये शांतपणे म्हणाले,

"नाही मॅडम, अडचण काही नाही. आमची बोलणी चालू आहेत."